बाबांचं बंदुकांचं दुकान मी चालवू का?

पत्र : राधानगरी-भुदरगड पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं बंदुका-काडतुसांचं दुकान आहे. आजोबांनी काढलेलं, पुढे बाबांनी चालवलं. बाबा आषाढात गेले, तेव्हापासून शटर खाली आहे. भाऊ पुण्यात नोकरीला, त्याला यात पडायचं नाही. मी एम.कॉम. आहे, सासर जवळच आहे, दुकानाचा हिशेब गेली काही वर्षं मीच लिहायचे. काका म्हणतात, "परवाना दुकानाचा असतो, माणसाचा नव्हे. तू खुशाल गल्ल्यावर बस, दुरुस्तीला मिस्त्री आहेच हाताशी." आई म्हणते, "सगळं विकून मोकळे व्हा." त्यात निवडणुका आल्यात. बंदूक जमा करायला लोक फोन करतात, काहींना ठेवीतली बंदूक परत हवी आहे. एका पुढाऱ्याचा पुतण्या घरी येऊन गेला. लग्नासाठी काडतुसांचा डबा पाहिजे, परवाना मागाहून दाखवतो म्हणाला. आणि परवा माल बघताना तिजोरीच्या तळाशी धोतराच्या कापडात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्वर सापडलं. रजिस्टरात त्याची नोंद नाही. मिस्त्री म्हणाले, ब्रिटिशांच्या वेळचं वेबली दिसतंय. काका म्हणतात, "अँटिक आहे, त्याला परवाना लागत नाही. फारच भीती वाटत असेल तर भोगावती नदीत सोडून ये." झोप उडाली आहे. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी आलेली गोष्ट मी आधी घेतो. दुकान, काका, निवडणूक हे चार दिवस थांबेल. ते रिव्हॉल्वर थांबणार नाही.

ते जिथं सापडलं तिथंच, त्याच कापडात, तिजोरीत राहू द्या. आता परत उघडून पाहू नका, चेंबर फिरवू नका, आत गोळी आहे का हे मिस्त्रींनाही बघायला सांगू नका. फोटो काढून कुणाला पाठवू नका, पाठवला असेल तर तसं वकिलांना सांगा. तिजोरीला कुलूप आणि किल्ली तुमच्या एकटीकडे. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे फौजदारी कामं करणारा वकील गाठायचा आणि त्यांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा. हत्यार स्वतः घेऊन जायचं नाही. गाडीच्या डिकीत घालून निघालात आणि वाटेत नाकाबंदीला गाडी तपासली, तर "जमा करायलाच निघाले होते" हे पटवून देणं तुमच्या गळ्यात पडेल. पोलिसांनी दुकानात यावं, पंचांसमोर पंचनामा करून हत्यार ताब्यात घ्यावं, एवढीच विनंती अर्जात करायची.

अर्ज लांबलचक नको. "माझे वडील अमुक तारखेस वारले. त्यांच्या नावे शस्त्र व्यापाराचा अमुक क्रमांकाचा परवाना होता. त्यांच्या निधनानंतर दुकान बंद आहे. दिनांक अमुक रोजी मालाची पाहणी करताना तिजोरीत एक रिव्हॉल्वर आढळले. त्याची नोंद मला रजिस्टरमध्ये मिळाली नाही. ते आहे त्याच जागी कुलूपबंद ठेवले आहे. कृपया पंचनामा करून ताब्यात घ्यावे." बस्स. कुणाचं असावं, कधीचं असावं याचे तर्क त्यात घालू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख, वेळ घ्या. त्याच मजकुराची एक प्रत त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, जिथं शस्त्र परवान्यांचं काम चालतं, तिथं द्या आणि तिथलीही पोच घ्या.

इतकी घाई का, ते सांगतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की हत्यार ताब्यात असणं म्हणजे ते आपल्याकडे आहे याची जाणीव असणं. परवापर्यंत तुम्हाला ठाऊकच नव्हतं, तोवर तुमची बाजू भक्कम होती. आता ठाऊक झालंय. आता जितके दिवस गप्प बसाल तितकी ती बाजू लंगडी होत जाईल. वेबलीची .३२ बोअरचीही (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) हत्यारं आहेत, पण फौजेतलं असेल तर ते .४५५ किंवा .३८ चं असायची शक्यता जास्त. फौजेची .४५५ किंवा .३८० ची काडतुसं ज्यात बसतात अशी रिव्हॉल्वरं आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतात. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगण्याला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षं कैद आहे.

काकांचं 'अँटिक' खरं असतं तर बरं झालं असतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे, पण कोणत्या? जी दुरुस्त न करता चालत नाहीत आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत, फक्त त्यांना. तुमच्या तिजोरीतलं वेबली तेल घातलं की चालायचीच शक्यता जास्त, आणि ते ठरवायचा अधिकार काकांना नाही, मिस्त्रींना नाही, मलाही नाही. भोगावतीत टाकायचं तर मनातसुद्धा आणू नका. पुरावा नाहीसा केला हा वेगळा गुन्हा होईलच, शिवाय उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की म्हशी धुवायला उतरलेल्या पोराच्या हाती ते लागेल. त्यात गोळी असली तर?

पोलीस काय करतील? गुन्हा नोंदवूच शकत नाहीत असं मी म्हणणार नाही. म्हणून तर वकील सोबत हवा. पण आपण होऊन, लेखी, सापडल्याबरोबर कळवलं ही गोष्ट पुढच्या प्रत्येक पायरीवर तुमच्या कामी येईल. आणि बाबांबद्दल मनात शंका धरून बसला असाल तर एक करा. आजोबांच्या काळापासूनची सगळी रजिस्टरं शोधा, माळ्यावरची, रद्दीत द्यायला काढलेलीसुद्धा. जुन्या दुकानांतून ठेवीचा मालक मरून गेलेला, वारस फिरकलेच नाहीत, नव्या वहीत नोंद ओढायची राहून गेली, असं आढळतं. तसं पान निघालं तर झेरॉक्स अर्जासोबत जोडा. मूळ वही पावतीशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका.

आता दुकान. काकांना नीट समजावून सांगा, कारण त्यांचा सल्ला प्रेमापोटी असला तरी तो तुम्हाला थेट तुरुंगात नेणारा आहे. परवाना पाटीला नसतो, माणसाला असतो. वडिलोपार्जित गाळा, वीजबिल हे वारसानं येतं, पण शस्त्र विकण्याचा अधिकार येत नाही. परवान्याचा कागद काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. फर्मच्या नावे असेल तर भागीदारीचा करारही काढा आणि त्यात हयात भागीदार कोण ते बघा. एकट्या बाबांचं नाव असेल तर ते गेले त्या दिवशी तुमच्या दुकानाचा व्यापार थांबला. कलम ५ नुसार विक्रीच नव्हे, दुरुस्ती, चाचणी, विक्रीसाठी माल मांडणं, सगळ्याला परवाना लागतो. तो नसताना हे केलं तर २०१९ पासून शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. मिस्त्रींनी एखादी बंदूक "घोडा तेवढा बसवून देतो" म्हणत घरी नेली तरी तेच कलम. ते तुमच्या बाबांचे जुने माणूस आहेत, त्यांना हे तुम्हीच सांगा. उत्पन्न बंद झाल्यावर असा मोह होणं साहजिक आहे, म्हणून त्यांच्या पगाराचं काही करता आलं तर बघा.

मग आतल्या मालाचं काय? इथं तुमच्यासारख्या बऱ्याच घरांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुकानातला सगळा माल एक समजू नका. त्यात तीन वेगवेगळ्या मालकीची हत्यारं आहेत. दुकानानं विकायला आणलेला माल बाबांचा, म्हणजे आता वारसांचा. ठेवीतल्या बंदुका ज्याच्या त्याच्या. आणि बाबांच्या स्वतःच्या परवान्यावरची एखादी दुनळी असेल तर तिचा रस्ता तिसराच. एका वहीत तीन याद्या करा: कंपनी, बोअर, नळीवरचा नंबर, रजिस्टरचं पान. काडतुसं जातवार, डबे मोजून. हे करायला तुम्ही एकट्या बसू नका. अर्ज दिल्यावर पोलिसांच्या उपस्थितीतच मोजदाद करून घ्या, म्हणजे उद्या एखादं काडतूस कमी भरलं तर बोट तुमच्याकडे वळणार नाही.

कलम २१ सांगतं की कोणत्याही कारणानं ताबा कायदेशीर राहिला नाही तर हत्यारं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा, नियमांतल्या अटींवर, दुसऱ्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायची. तेराव्यापर्यंत कुणी काही म्हटलं नसेल, पण आता आषाढ संपून किती दिवस झाले ते तुम्हीच बघा. याच कलमात वारसांसाठी एक मोठी सोय आहे, तीही लोकांना माहीत नसते: जमा केलेला माल वारसाला पात्र खरेदीदाराला विकता येतो आणि त्याचे पैसे मिळतात. त्याला मुदत आहे. ती उलटली की माल सरकारजमा. म्हणून जमा करताना पावतीवर प्रत्येक हत्याराचा नंबर हवा. "बंदुका, नग इतके" अशी मोघम पावती घेऊन घरी येऊ नका.

ठेववाल्यांना आज बंदूक परत देता येणार नाही, नवी ठेवून घेताही येणार नाही. शटरवर कागद लावा, "परवानाधारकाच्या निधनामुळे व्यवहार बंद, ठेवीबाबत पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा", आणि रजिस्टरातल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा. रागावतील. पेरणी झाली, डुकरं रानात उतरतात, बंदूक दुकानात अडकलेली. त्यांचा राग खरा आहे, म्हणून अर्जातच विनंती करा की ठेवीच्या बंदुका लवकरात लवकर दुसऱ्या व्यापाऱ्याकडे किंवा ठाण्यात वर्ग कराव्यात, म्हणजे मालकांना त्या तिथून रीतसर घेता येतील.

निवडणुकीत जमा करण्याबद्दल फोन करणाऱ्यांना एवढं सांगा: मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर २००९ मध्ये गोविंद ऊर्फ भाई तिळवे यांचं प्रकरण आलं होतं. सरसकट सगळ्या परवानाधारकांकडून शस्त्रं जमा करून घेणं बरोबर नाही, छाननी समितीनं प्रत्येकाचा विचार करून ठरवावं, असं त्यात ठरलं. नोटीस आली असेल तर ती मोडू नये, जमा करावी आणि पावती घ्यावी. ज्याला सूट हवी त्यानं समितीकडे अर्ज करावा. कोकणात आणि तुमच्या भागात शेतीसंरक्षणाचे परवाने भरपूर आहेत, आणि ऐन पिकात बंदूक जमा करावी लागणाऱ्या शेतकऱ्याला हा निकाल माहीत असायला हवा.

त्या पुतण्याला आज उत्तर सोपं आहे: दुकान बंद आहे. पण दुकान उघडल्यावर तो परत येईल, म्हणून उत्तर आत्ताच पाठ करून ठेवा. काडतूस परवाना बघून, परवान्यावर लिहिलेल्या कोट्यात, वहीत आणि परवान्यावर नोंद करूनच देता येतं. कलम २९ तर पुढे जाऊन सांगतं की समोरचा माणूस हत्यार किंवा काडतूस बाळगायला पात्र आहे याची खातरजमा न करता ते हवाली करणं हाच गुन्हा. "मला वाटलं त्याच्याकडे परवाना असेल" हा बचाव तिथं चालत नाही. त्यातून त्याला ते वरातीत उडवायचं आहे. लग्नात, मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालून गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे २०१९ मध्ये कायद्यात आलं. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच, आणि मांडवात बायका-पोरं बसलेली असतात. तुम्ही 'नाही' म्हणालात तर तो चार जणांत तुमचं नाव घेईल. घेऊ दे.

हे सगळं मार्गी लागल्यावर खरा प्रश्न उरतो: चालवायचं की नाही?

धंद्याचं आधी बोलू. तुमच्या आजोबांच्या काळी हे दुकान का चाललं आणि बाबांच्या काळात का आटलं, ते हिशेब लिहिताना तुम्हाला दिसलं असेलच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, शिकारीवर जगणारी विक्री संपली. ऐंशीच्या दशकात सर्वसामान्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. नवे परवाने मोजकेच निघतात. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत, आता दोनच. तुमच्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि असलेल्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नाव नोंदवावं लागतं. राधानगरी अभयारण्य शेजारी असताना नवं गिऱ्हाईक फार वाढेल, या भरवशावर राहू नका. गिऱ्हाइकाला हेही सांगत जा की शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे, त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते. आणि गव्यावर बंदूक धरायचा विचारही करायचा नाही.

मग उरतं काय? बारा बोअरची काडतुसं, बँकांच्या आणि एजन्सींच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका, ठेवीचं भाडं, साफसफाई-दुरुस्ती. बाबांच्या फायलीत ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाशी पत्रव्यवहार असेल. तो बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आता पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे, तर रिव्हॉल्वरं-पिस्तुलं करणारे कारखाने कानपूरच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. खरेदीची खाती नव्यानं बघावी लागतील.

पण कोल्हापुरात बसून मी या धंद्याला संपलेला म्हणणार नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. त्याआधी याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. आज खेड्यातली पोरं नेमबाजी शिकायची म्हणतात आणि आईबाप विचारत येतात की सुरुवात कशानं करायची. .१७७ बोअरची, २० जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन घ्यायला गिऱ्हाइकाला परवाना लागत नाही, आणि १० मीटरच्या स्पर्धा याच ४.५ मिलिमीटर छऱ्यावर होतात. छर्रे, टार्गेटचे कागद, सफाईचं सामान, चष्मे, ओळखीच्या प्रशिक्षकाचा पत्ता, राज्य स्पर्धा आणि पुढे मावळंकर या अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धेपर्यंत कसं जायचं याची माहिती, हे सगळं जिथं एका जागी मिळेल असं दुकान तुमच्या भागात चालेल असं मला मनापासून वाटतं. एअरगन देताना मात्र ओळखपत्राची प्रत घ्या, नाव-पत्ता लिहा आणि कशासाठी हवी ते विचारा. "बगळे मारायला" असं उत्तर आलं तर गन परत कपाटात ठेवा. पक्षी मारणं हा गुन्हा आहे, आणि एअरगनच्या छऱ्यानं माणसाचा डोळा जातो.

आता ज्यावरून तुम्ही निर्णय घ्यावा असं मला वाटतं, ते सांगतो. बंदुकांच्या दुकानदाराला गावातल्या प्रत्येक भांडणाची कुणकुण आधी लागते. बांधावरून भावाभावांत जुंपलेली असते. त्यातला एक दुपारी येतो, नेहमीसारखा बसत नाही, चहा नको म्हणतो, नजर कपाटाकडे. "माझी ठेवलेली दे, डुकरं आलीत." परवाना चालू आहे, ठेव त्याची आहे, कागद बरोबर आहेत. तुम्ही काय कराल? बंदूक त्याची, ती कायमची अडवून ठेवता येणार नाही. पण किल्ली घरी राहिलीय, साफ करायला काढलीय, उद्या सकाळी या, असं म्हणून एक रात्र काढता येते. तो गेल्यावर ठाण्यात फोन करता येतो. परवाना निलंबित करायचा अधिकार कलम १७ खाली परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. पण त्याच्यापर्यंत गोष्ट पोचवणारं दुसरं कुणी नसतं. बंदुकीनं केलेली चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही, आणि रागाला किंवा निराशेला एक रात्र मिळाली तर बऱ्याचदा तो माणूसही वाचतो आणि समोरचाही. कर्जानं खचलेला शेतकरी स्वतःसाठीच बंदूक मागायला आला असेल, हेही ध्यानात ठेवा. अशा वेळी त्याच्या घरी फोन करायचा, त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही.

आणखी एक. गावातल्या बायका तुमच्या बाबांच्या दुकानाची पायरी चढल्या नसतील. तुम्ही गल्ल्यावर असाल तर एखादी येईल आणि हळूच म्हणेल, "ह्यांना सध्या बंदूक देऊ नका, पिऊन धमकी देतात." तेव्हा तिचं नाव कुणाला न सांगता तिला पोलीस ठाण्यापर्यंत, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचवायचं काम तुमच्याकडे येईल. नळी कापून आखूड करून मागणारेही येतील. तो गुन्हा आहे, कलम ६. परवान्याची मुदत संपलेला जुना मास्तर येईल, ज्याला तुम्ही लहानपणापासून काका म्हणता, आणि "पाच काडतुसं दे गं पोरी" म्हणेल. पुतण्याला नकार देणं सोपं आहे. या मास्तरांना नकार देता येईल का, हे स्वतःला विचारा. देता येणार असेल तर दुकान चालवा. भिडेपोटी एकदा जरी हात ढिला पडेल असं वाटत असेल तर माल रीतसर विकून गाळा भाड्यानं द्या. त्यात कमीपणा काही नाही.

माझं मत विचाराल तर तुम्ही अर्ज करावा. तुम्ही वह्या लिहिल्या आहेत, आणि नोंद नसलेलं हत्यार दिसल्यावर तुमची झोप उडाली. ज्याला नोंद नसल्याची धास्ती वाटते त्याच्याच हाती हे काम असावं. नवा परवाना तुमच्या स्वतःच्या नावानं मागावा लागेल. पोलीस पडताळणी होईल, जागा तपासली जाईल, भक्कम खोली, कपाटं, कुलपं बघितली जातील. २०१६ चे शस्त्र नियम मुळातून वाचा. बाबांनी जन्मभर ज्यांवर काम केलं ते १९६२ चे नियम त्यांनी मोडीत काढले. गिऱ्हाइकाच्या परवान्यावर शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसचा यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का हे बघायची सवय लावून घ्या. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मुदत थोडी असते, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

आईंच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नका. बाबांची स्वतःच्या परवान्यावरची बंदूक घरी असेल तर ती इतर मालासोबतच जमा करा. पुढे कुणा वारसाला हवी असेल तर २०१६ च्या नियम २५ खाली वारसाला परवाना मागता येतो, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. कुणालाच नको असेल तर विका. पण निर्णय होईपर्यंत ती घरात नको. भावालाही एकदा गावी बोलवा. मालाच्या विक्रीवर, गाळ्यावर त्याचीही सही लागणार आहे, आणि दुकान तुम्ही चालवणार असाल तर मालातला त्याचा हिस्सा आत्ताच कागदावर ठरलेला बरा.

पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज आधी तुमच्या वकिलांना वाचायला द्या. परवान्याच्या आणि रजिस्टरच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मला पाठवलीत तर परवाना नेमका कुणाच्या नावे आहे, भागीदारीचा मुद्दा निघतो का, हे बघून कळवतो.